तिने प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय’ म्हटले

ती घटना आठवली की अजून माझा हात नकळत तोंडाकडे जातो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती आणि मी इंदापूर ठाण्यात फौजदार होतो. बाईचे नाव लिहीत नाही.

कळसच्या पोलीस पाटलाने एका सकाळी वर्दी दिली. गावातली एक विधवा आदल्या दुपारी बारामतीच्या दवाखान्यातून पाच वर्षांच्या मुलाला घेऊन परतली होती. फाट्यावर मोटारीतून उतरताना मूल हसत होते, आणि घर येईपर्यंत वाटेतच मेले.

“सायब, बाई दुसऱ्याशी पाट लावनार असं गावात बोलत्यात,” पाटील आवाज उतरवून म्हणाला. “पोराची अडचन हुती.” बाई घमेंडखोर आहे, मागून हाक मारली तर वळतसुद्धा नाही, असेही त्याने सांगितले.

पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनासाठी इंदापूरला आणले. मुलाला घटसर्प झाला होता. घशाचा हा रोग तेव्हा पोरांना पटापट नेत असे. म्हणून डॉक्टरांनी बजावले की बाईशी बोलताना तोंडाला फडके बांधा. मी आणि आमचे जमादार चौपदरी रुमाल बांधून चौकशीला बसलो.

बाई पंचविशीतली असेल. रडत नव्हती. माझ्या डोळ्यांकडे टक लावून बघत होती. मी तो निगरगट्टपणा समजलो.

वाटेत मुलाला काही खायला दिलेस का? “व्हय.” काय दिलेस? “व्हय.” कुणाच्या सांगण्यावरून? पुन्हा “व्हय.” शेवटी जमादार चिडले. “तूच मारलंस न्हवं त्याला?”

“व्हय,” ती म्हणाली.

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही हे मला ठाऊक होते. तरी जबाब लिहिला, अंगठा घेतला आणि तिला कोठडीत घातले. ‘काय दिलेस’ या प्रश्नाला ‘व्हय’ हे उत्तरच होत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. मनाजोगते उत्तर मिळाले की पोलीस आपला प्रश्न विसरतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विषाची खूण नसल्याचे सांगितले. रोग काळजात उतरला होता. घटसर्पात घसा बरा दिसू लागतो, मूल खेळू लागते, पण पुढे काही आठवडे त्याला अंथरुणावरून उठवायचेही नसते. हे बारामतीला तिला कुणी सांगितले नाही का, असे त्यांनी मलाच विचारले.

मी बारामती गाठली. दवाखान्यातल्या नर्सबाई रडवेल्या झाल्या. त्यांनी तीनदा बजावले होते की मुलाला उठवू नकोस, अजून पंधरा दिवस इथेच निजवायचा आहे. तिन्ही वेळा बाई ‘व्हय’ म्हणाली होती. हे सांगतानाही नर्सबाईंच्या तोंडावर पट्टी होती, आणि त्यांचे निम्मे बोलणे मला दोनदा विचारावे लागले. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बाईला सांगतानाही पट्टी बांधलेली होती का, असे मी विचारले. घटसर्पाच्या खोलीत पट्टी कधीच सोडत नाही, असे त्या म्हणाल्या.

ठाण्यात परतलो. कोठडीसमोर बसून रुमाल सोडला आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारले, “तुला ऐकू येत नाही?”

तिची नजर माझ्या ओठांवर आली.

“न्हाय, सायब. बाळंतपनात ताप डोस्क्यात गेला, तवापास्नं. मानसाच्या तोंडाकडं बघून वळखते. सासरी सांगितलं न्हाय. बहिरी म्हनून हाकलून दिलं असतं.”

दवाखान्यात सगळ्यांचीच तोंडे बांधलेली होती. ‘व्हय’ म्हटले की माणसे समाधानाने निघून जातात, एवढे तिला कळले होते. पोर भाकरी मागू लागले तेव्हा ते बरे झाले असे समजून ती कुणाला न विचारताच निघाली.

“नर्सबाई काय सांगत हुत्या?” तिने विचारले.

खोटे बोलता आले असते. मी खरे सांगितले. माझे बोलणे संपल्यावरही ती बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिली.

“फाट्यापास्नं मी त्याला चालवत आनला,” ती म्हणाली. “म्होरं म्होरं पळत हुता. मला बरं वाटत हुतं.” मग तिने विचारले, “कुठं ठिवलाय त्याला?”

रोगाच्या भीतीने सासरच्यांनी प्रेत घ्यायला नकार दिला होता. आदल्या संध्याकाळी जमादारांनी कोठडीच्या दाराशी येऊन, रुमाल बांधलेल्या तोंडाने, इथेच पुरायचे का म्हणून तिला विचारले होते. तिने ‘व्हय’ म्हटले होते, आणि त्याच रात्री तिच्याशिवाय त्याला पुरले होते. हेही मलाच सांगावे लागले.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि प्रकरण संपले. सासरच्यांनी तिला घरात घेतले नाही. कळंबचा भाऊ येऊन घेऊन गेला.

वर्षभराने कामानिमित्त कळंबला गेलो तेव्हा मुद्दाम त्याच्याकडे थांबलो. ती ओट्यावर बसली होती. मी समोर उभा राहून म्हणालो, “बाई, माझं चुकलं.” तिने मान वर केली नाही. भाऊ म्हणाला, “आता कुनाच्याच तोंडाकडं बघत न्हाय, सायब. जेवायलाबी हाताला धरून न्यावं लागतंय.”

पुढे कितीतरी जबाब घेतले. मी काय विचारले ते आधी तू मला सांग, असे प्रत्येकाला म्हणत असे. माणूस ‘हो’ म्हणाला म्हणजे त्याला समजले असे नव्हे, हे मी त्या कोठडीसमोर शिकलो. नोकरीत मला त्याचा उपयोग झाला. तिला काहीच झाला नाही.