भाऊजींची चिमणी आणि बाराचा पाढा

खर्च करायच्या आधी, करताना आणि करून झाल्यावर, अशा तिन्ही वेळा स्वतःला श्रीमंत समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे, आणि तो म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणते. म्हणजे मनात म्हणते. समोर मी फारसं बोलत नाही. ते बोलतात आणि मी पोळ्या लाटते. त्यांची मुलगी लहान असताना तिला सांभाळायला म्हणून ताईने मला दुबईला बोलावून घेतलं. ती मुलगी आता कॉलेजात जाते, मी मात्र इथेच राहिले. आता मी गेले तर हिंगाचा डबा कुणाला सापडणार नाही, असं ताई म्हणते. भाऊजी मला मेहुणीबाई म्हणतात आणि दर महिन्याच्या सुरुवातीला माझ्यासमोर घराचं बजेट मोठ्याने वाचून दाखवतात. मी मान डोलावली की ते मंजूर झालं असं धरतात.

बजेट हा त्यांचा श्वास आहे. गणपतीचं बजेट, वाढदिवसाचं बजेट हे तर कुणीही करेल, पण एकदा ताप आला तेव्हा त्यांनी कपाळावर ओली पट्टी ठेवून तापाचंही बजेट केलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा 'दोन दिवस वाचले' म्हणून सगळ्यांना आइस्क्रीम खायला घालून ते पैसे संपवले. त्यांच्या बजेटात दोन रकाने ठरलेले. जे पैसे गेले ते 'खलास' या रकान्यात आणि जे अजून यायचे आहेत ते 'इन्शाल्ला' या रकान्यात. इन्शाल्लाचा रकाना नेहमी मोठा. त्यांच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात ते हिशेब तपासण्याचंच काम करतात आणि तिथे त्यांची एक चूकही कुणाला सापडत नाही म्हणे. घरी आल्यावर मात्र बुटांबरोबर तो माणूसही ते दाराबाहेर काढून ठेवत असावेत.

याचं कारण बाराचा पाढा. भाऊजी या देशात आले तेव्हा एका दिरहमचे बारा रुपये मिळत. पुढे भाव चढत चढत दुपटीच्या घरात गेला, पण भाऊजींच्या डोक्यात तो बारावरच बसून राहिला. बाराचा पाढा त्यांना झोपेतही येतो, तेविसाचा येत नाही, इतकं ते साधं आहे. दुकानात काहीही उचललं की ते आधी दिरहम बोलतात आणि मग सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे रुपये. "एकशे ऐंशी. म्हणजे एकवीसशे साठ रुपये. अगं, फुकट आहे हे." असं म्हणून घेतलेली हापूसची पेटी, ताईची पैठणी, कणीक मळायचं यंत्र आणि कुणीही न वापरलेली पोट कमी करायची खुर्ची आमच्या घरी आहे. उलट गावी गेले की हाच माणूस चिकट होतो. बाराशेच्या शर्टाला बाराने भागून 'शंभर दिरहम, दरोडा आहे' असं पुटपुटत रिकाम्या हाताने बाहेर पडतो. ताई सुरुवातीला त्यांना खरा भाव सांगायला गेली होती. मग तिने विचार केला आणि गप्प बसली. मुलीलाही तिने डोळ्यांनी दाबून ठेवलं. "लेट हिम बी हॅपी, मम्मा," ती म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिला नवा फोन मिळाला.

इतकी वर्षं ऊद मेथाच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढून गेल्या वर्षी भाऊजींनी शहराबाहेरच्या एका जुन्या वसाहतीत स्वतःचं घर घेतलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. घर घेण्यामागे कारण एकच होतं. माझी मावशी, म्हणजे ताईची आई, गुहागरकडे एकटी राहते. ती पायरीवरून पडली आणि तिच्या गुडघ्यांनी सुट्टी घेतली, तेव्हापासून ताईचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. फोन वाजला की ती हातातलं सोडून धावे. हे भाऊजींनी पाहिलं आणि एका संध्याकाळी जाहीर केलं की थंडी सुरू व्हायच्या आत आई इथे आल्या पाहिजेत. मावशीला जिना चढता येणार नव्हता, तेव्हा तिची खाट खालीच लागणार. हॉलच्या एका बाजूला काचेचं दार, दुसऱ्या बाजूला जिना, तिसरीकडे स्वयंपाकघराचा ओटा. खाट मावेल आणि शेजारी न्हाणीघर असेल अशी भिंत एकच उरत होती, आणि त्या भिंतीच्या मधोमध चिमणी होती.

चिमणी म्हणजे भिंतीतून पुढे आलेलं, जमिनीपासून छतापर्यंतचं एक जाडजूड पोट, आणि खाली लाकडं जाळायला कोनाडा. ज्या गावात उन्हाळ्यात चपलेचा तळवा रस्त्याला चिकटतो तिथे घर बांधणाऱ्याने प्रत्येक हॉलमध्ये शेकोटी का बांधली असेल, हे कुणालाच सांगता आलं नाही. भाऊजींना मात्र आधी एक गोष्ट कळायला हवी होती, की ही चिमणी खरी की खोटी. खरी असेल तर पाडायला महाग, खोटी असेल तर स्वस्त, असं त्यांचं बजेट होतं. परीक्षा म्हणून त्यांनी एका शुक्रवारी कोनाड्यात धुपाटणं ठेवलं, त्यात मूठभर धूप आणि वर बाजारातून आणलेला उदाचा तुकडा टाकला, आणि धूर वर जातो का ते पाहायला स्वतःचं डोकं आत घातलं. धूर वर गेला नाही. तो भाऊजींच्या कानांवरून वळून हॉलमध्ये आला, जिन्याने वर गेला, आणि छतावरची धोक्याची घंटा अशी किंचाळायला लागली की शेजारची इजिप्शियन बाई चहाचा कप हातात घेऊनच रस्त्यावर आली. वसाहतीचा सिक्युरिटी गार्ड धावत आला. भाऊजी डोळे चोळत त्याला म्हणाले, "खोटी आहे, भय्या, एकदम खोटी." त्याने हॉलभर पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "सर, बीस साल में किसी ने इसमें मोमबत्ती भी नहीं जलाई।" मग दोघांनी मिळून चहा घेतला. आठवडाभर आमच्या पोळ्यांनाही उदाचा वास येत होता आणि मुलगी कॉलेजातल्या मैत्रिणींना सांगत होती की हे तिचं नवीन परफ्यूम आहे.

चिमणी खोटी निघाल्याच्या आनंदात भाऊजींनी अल क्वोजहून मिस्त्री बोलावला. पेशावरकडचा, दाढीला मेंदी लावलेला, अतिशय अदबीने बोलणारा माणूस. त्याने चिमणीला तीन ठिकाणी टिचक्या मारल्या, कान लावला आणि तोंड पाडलं. धुराला वाट नव्हती, पण पोकळीत दुसरं काहीतरी होतं. माडीवरच्या बॉयलरचे, म्हणजे अख्ख्या घराचं पाणी तापवणाऱ्या मोठ्या टाकीचे, सगळे पाइप त्या पोकळीतून खाली आले होते. चिमणी काढायची तर पाइप कापायला लागणार, आणि पाइप इतके गंजलेले की पुन्हा जोडता येणार नाहीत. बॉयलरही बुडातून पाझरत होता. मिस्त्रीने हिशेब मांडला. चिमणीचे एकोणीस हजार, वसाहतीच्या परवानगीसकट. बॉयलर आणि नव्या पाइपांचे सतरा हजार. भाऊजींनी मिशीवरून हात फिरवला आणि हसले. गावच्या बँकेत त्यांनी सहा लाखांची ठेव ठेवलेली होती. "सहा लाख भागिले बारा, पन्नास हजार. दोन्ही कामं करून चौदा हजार उरतात. सोफा घेऊ. यल्ला, उस्ताद, सोमवारी सुरू करा." ताईच्या हातातलं लाटणं थांबलं. मी खाली मान घालून कणकेचा तोच गोळा परत परत वळत राहिले.

पैसे इकडे आले त्या दिवशी भाऊजी फोनकडे बघत हॉलमध्ये उभे होते. पंचवीस हजार आणि वर काहीतरी. त्यांना वाटलं, बँकेने निम्मे पैसे खाल्ले. त्यांनी बँकेला फोन लावला आणि पलीकडच्या पोरीला अर्धा तास बाराचा पाढा म्हणून दाखवला. ती बिचारी प्रत्येक वेळी आजचा भाव सांगत होती आणि भाऊजी प्रत्येक वेळी तिला चहा पिऊन नीट बघायला सांगत होते. शेवटी मुलगी जिन्यावरून खाली आली आणि म्हणाली, "बाबा, इट्स नॉट ट्वेल्व्ह. इट हॅजन्ट बीन ट्वेल्व्ह सिन्स आय वॉज अ बेबी." भाऊजींनी फोन ठेवला आणि ताईकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर या घरात एकदा तरी आंबा आला असता का, अहो?"

मला वाटलं, आता आकाश कोसळेल. पण भाऊजी सोफ्याविना रिकाम्या असलेल्या त्या हॉलमध्ये जमिनीवर बसले आणि हसायला लागले. ताईही हसायला लागली, मग मुलगी, आणि मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर धरून. हसता हसता ताईच्या डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळलं नाही. ती म्हणाली, राहू दे चिमणी. बॉयलर बदला, घर चालू राहील. आईचं पुढच्या वर्षी बघू. भाऊजी उठले आणि चिमणीच्या पोटावर तळहात टेकवून उभे राहिले. त्यांची स्वतःची आई गेली तेव्हा ते इथे होते, तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. "पुढचं वर्ष कुणी पाहिलंय," ते म्हणाले. "चिमणी पाडायची. गरम पाणी इन्शाल्लाच्या रकान्यात."

अशी चिमणी गेली. तिच्या जागी भिंतीवर एक फिकट उभा पट्टा राहिला, कारण उरलेले पैसे मावशीच्या तिकीट-व्हिसात गेले आणि रंगाला काही राहिलं नाही. मावशी आली, त्या पट्ट्याखाली तिची खाट लागली, आणि पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं की इथे आधी देवघर होतं का. मी हो म्हटलं. सगळं सांगत बसायला मला कुठे जमतं. घरात गरम पाणी नव्हतं. मुलगी जिममध्ये अंघोळ करायला लागली, ताई दात वाजवत स्तोत्रं म्हणायला लागली, आणि मावशीसाठी भाऊजी सकाळी ऑफिसला जायच्या आधी मोठ्या पातेल्यात पाणी तापवायला लागले. मी तापवते म्हणाले, तर त्यांनी मला ओट्यापासून बाजूला केलं. पाणी तापेपर्यंत ते मावशीच्या खाटेशी स्टूल घेऊन बसत. मावशी त्यांना समुद्राच्या काठच्या माणसांची भांडणं सांगे आणि ते तिला ऑफिसातल्या साहेबांच्या नकला करून दाखवत. पाणी उकळून निम्मं होई, तरी दोघांपैकी कुणी उठत नसे. मग पातेलं उचलून न्हाणीघरापर्यंत नेताना ते 'सांभाळून, आई, कढत आहे' असं चार वेळा म्हणत.

आता थंडी सरली आहे. इथे उन्हाळा लागला की छतावरच्या टाकीतलं पाणी आपोआप तापतं, इतकं की दुपारी नळाखाली हात धरवत नाही. गेल्या दोन-तीन दिवसांपासून सकाळीही नळाला कोमट पाणी येऊ लागलंय. आज मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून न्हाणीघरात गेली, नळ सोडला, पाण्यात बोटं धरली. पाणी छान ऊन होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि जिन्याच्या दिशेने हाक मारली, "जावईबापू, आज पाणी फारच गार आहे हो."

भाऊजी टायची गाठ अर्धवट ठेवून खाली आले. त्यांनी नळाखाली हात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग कुणाकडेही न बघता ओट्याशी गेले आणि पातेलं गॅसवर चढवलं.