गच्च बंद खिडकी

सदर भागातल्या एका ऑफिसात शिडीवर उभा होतो. एका हातात एसीचं कव्हर, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर, फोन कान आणि खांद्यामध्ये दाबलेला. नागपुरात मे महिन्यात एसी मेकॅनिकला लग्नघरातल्या आचाऱ्याइतकी मागणी असते, आणि तो बोलतोही तसाच वसावसा.

पलीकडून वयस्कर बाईंचा आवाज आला. "भाऊ, शेजारच्या मॅडमनं तुमचा नंबर दिला. आमची खोली थंडी होऊनच नाही राहिली. आमच्या ह्यायले लय गरम होऊन राहिलं."

"खिडकी उघडी आहे का?"

"हो, एक आहे."

"मग कशी थंडी होईल, काकू? दार-खिडक्या गच्च बंद करा. फटसुद्धा ठेवू नका. मी येतो दोन दिवसांत."

"बरं झालं सांगितलं, बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि मी फोन ठेवला.

लोकांच्या गैरसमजांना मी पंचवीस वर्षं हसत आलो. कुणाला वाटतं, एसी सोळावर ठेवला की खोली लवकर थंड होते. साधा एसी सोळावर काय नि चोवीसवर काय, त्याच जोरानं चालतो. सोळावर फक्त थांबायचं नाव घेत नाही. कुणी दरवर्षी गॅस भरायला सांगतं, जणू स्कूटरमधलं पेट्रोल. गॅस बंद नळ्यांत फिरतो. गळती नसेल तर कमी होत नाही. दुकानात चहा पिताना हे किस्से आम्ही एकमेकांना ऐकवतो. मला सगळं कळतं, याची मला भारी घमेंड होती.

दोन दिवसांत गेलो नाही. पंधरा दिवसांनी त्यांच्याच भागात, कोराडी रोडला, दुसरं काम निघालं, तेव्हा काकूंना फोन लावला. "या," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खोलीत काकांचा फोटो होता. त्याला हार. काका वीज केंद्रातून रिटायर झालेले, हे मला त्या दिवशीच कळलं. टूलबॉक्स कुठे ठेवावा तेही मला सुचेना.

काकूंनी आतली खोली दाखवली. सवयीनं मी भिंतीवर वर पाहिलं. वर एसी नव्हता. खाटेशेजारी स्टुलावर प्लॅस्टिकचा कूलर होता. खिडकीच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या, फार नीट, एकही जागा न सोडता.

इथे थोडं समजावून सांगतो. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो आणि तिच्यातला ओलावा बाहेर टाकतो. म्हणून दार बंद ठेवायचं. कूलरचं उलटं आहे. तो बाजूंच्या ओल्या गवती ताट्यांतून हवा ओढतो आणि ओलावा खोलीत सोडतो. ती दमट हवा बाहेर जायला आणि कोरडी हवा आत यायला वाट लागते. वाट बंद केली की खोलीचं न्हाणीघर होतं. घाम वाळत नाही, आणि म्हाताऱ्या शरीराला आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही.

मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. एसी आहे की कूलर? विचारला नाही.

"डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं," काकू सांगत होत्या. "घरात बसल्या माणसाले ऊन कसं लागंन, भाऊ? माह्याच चुकीनं झालं. दाराखाली मी काईच लावलं नोतं. तिथं फट राहून गेली."

उलट, तेवढ्या फटीतूनच काय ती हवा आत येत असणार. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. पण ही बाई त्या फटीपायी जन्मभर स्वतःला कोसणार होती. माझ्यानं राहवेना.

"काकू, फटीनं नाही झालं. कूलरले खिडकी उघडीच लागते. मी एसी समजून तुम्हाले सांगितलं. चूक माही आहे."

मी डॉक्टर नाही. काका तेवढ्यानंच गेले, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वय होतं, बी.पी. होतं. पण तो सल्ला माझा होता.

वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काकू खिडकीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारून दोनदा म्हणाले ते. खिडकी उघड वं, जीव घाबरून राहिला. मी नाही उघडली. म्हटलं, मेकॅनिकनं मना केलं. वरून रागावली त्यायले."

मी चिंध्या काढायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "राहू द्या. मी काढीन."

मी त्यांचं ओझं उतरवायला गेलो होतो. एक उतरवलं आणि त्याच्या दुप्पट ठेवून आलो. खरं सांगायला हवं होतं की नको, ते अजून ठरत नाही.

आता फोन आला की आधी विचारतो, एसी आहे की कूलर. मग विचारतो, खोलीत बसलेला माणूस काय म्हणतो? हवेतलं त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, मेकॅनिकलाही नाही.