मावशींची ट्यूब

बोईसरजवळच्या सरावलीत आमच्या शेजारच्या मावशींकडे काहीही मागा, त्या नाही म्हणत नाहीत. मिक्सर देतील, लग्नाला नेसायला पैठणी देतील, अगदी भरलेला सिलिंडरसुद्धा. त्या कामाला जातात त्या कंपनीतल्या पावडरीमुळे त्यांच्या हातांना इसब झालाय. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम त्या बोटाच्या टोकावर घेतात, लाल भागापुरतंच लावतात आणि सांगितलेल्या दिवशी बंद करतात. ती ट्यूब मात्र कपाटात, आणि कपाटाची किल्ली कमरेला.

परवा माझ्या मानेवर गोल, खाजरा चट्टा उठला. मी ट्यूब मागितली.

"नाय देणार."

"जरासंच हवंय हो, मावशी!"

"ते माज्या इसबाचं मलम हाय. तुजं काय हाय ते मला ठाव नाय. नायटा असला तर ह्यानं खाज थांबंल नि चट्टा पसरत जाईल. माज्या भावजयीचं तसंच झालं."

मी तोंड फुगवून घराकडे वळले. मागे गॅस बंद केल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत मावशी चपला घालून बाहेर आल्या.

"चल बोईसरला. डाक्टरकडे मी येते तुज्याबरोबर."

त्यांची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी होती ती. ती सुट्टी तर मी मागितलीही नव्हती.