रिक्षातला हिरवा सर्व्हर

गुरुवारी डायरेक्टरांचा रिव्ह्यू होता आणि माझे बॉस नाईक सर यांना स्क्रीनवर एकही लाल ठिपका नको होता.

मी चारकोपला एका पॅथॉलॉजी लॅबच्या मुख्य ऑफिसात सिस्टिम्स सांभाळते. आमच्या प्रत्येक शाखेत एक सर्व्हर आहे, सुटकेसएवढा डबा. त्या एका डब्यात तीन-चार ‘व्हर्च्युअल’ कॉम्प्युटर चालतात: एक बिलांचा, एक रिपोर्टांचा, असे. या सगळ्या डब्यांवर चारकोपचा मॅनेजमेंट सर्व्हर नजर ठेवतो. डबा दर थोड्या सेकंदांनी त्याला ‘मी आहे’ असं कळवतो. साठ सेकंद काही आलं नाही, की ठिपका लाल. या साठ सेकंदांना टाइमआउट म्हणतात.

मुलुंड शाखेची इंटरनेट लाइन मधूनमधून अडखळायची. सर्व्हर ठणठणीत, तरी लाल. म्हणून मी टाइमआउट एकशेवीस सेकंद केला. लाल दिसणं बरंच कमी झालं. सरांना बरंच पुरेसं नव्हतं.

“दोन तास कर.”

मी म्हटलं, मग तो खरंच बंद पडला तरी दोन तास कळणार नाही. ते म्हणाले, ब्रँचवाले फोन करतीलच ना. मी धोका मेलवर लिहून पाठवला. ‘अप्रूव्ह्ड’ असं उत्तर आलं. मनाला पटलं नाही, पण केलं.

रिव्ह्यू चालू असताना मुलुंडची इन्चार्ज शिल्पा कांबळे हिचा फोन आला. शाखा त्याच दिवशी दोन गल्ल्या पलीकडे हलत होती. तिने ऑफिसच्या अ‍ॅडमिन विभागाला कळवलं होतं. अ‍ॅडमिनला वाटलं, फर्निचरच हलायचंय. सव्वाअकराला तिने सर्व्हर बंद केला होता आणि आता विचारत होती, नवीन जागी ठेवू कुठे?

“आत्ता कुठे आहे?”

“रिक्षात गं. माझ्या मांडीवर.”

मी वळून पाहिलं. भिंतीवरच्या स्क्रीनवर मुलुंड हिरवागार. सर सांगत होते, मुलुंड एकदम स्टेबल आहे. मी गप्प बसले असते तर निभावलंही असतं. पण शिल्पा म्हणाली होती, एका बाईंचं दुपारी ऑपरेशन आहे आणि त्यांचा रिपोर्ट त्या डब्यात अडकलाय.

“सर, मुलुंडचा सर्व्हर आत्ता रिक्षात आहे,” मी म्हटलं.

डायरेक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं. “मग हिरवा का?”

मी समजावलं. सर पाणी प्यायले.

शिल्पाने रजिस्टरमधून आकडे उतरवून रिपोर्ट हाताने लिहिला, डॉक्टरांची सही घेतली आणि स्वतः हॉस्पिटलात नेऊन दिला. ऑपरेशन वेळेवर झालं. सर्व्हरच्या वायरी जोडायच्याच होत्या, तेवढ्यात सव्वा वाजता ठिपका लाल झाला. नाईक सर धावत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, मुलुंड डाऊन झालंय.

संध्याकाळी टाइमआउट पुन्हा एकशेवीस सेकंद केला. उत्तर आलं नाही तर दोन मिनिटं थांबावं. त्यापुढे थांबायचं असेल तर आधी फोन करून विचारावं, बाबा, तू आहेस कुठे.