धार कशी हाय?

माझ्या बायकोच्या काकांइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नसेल, आणि त्यांच्याइतका म्हाताऱ्यांचा दुवा मिळवणाराही दुसरा नसेल. पन्नाशी ओलांडलेला कुठलाही पुरुष दिसला की काका चारचौघांत एकच प्रश्न टाकतात, ‘धार कशी हाय?’ पाऊसपाणी, आंब्याचा मोहोर, मुलांच्या नोकऱ्या, हे सगळं नंतर. मी पन्नाशीचा झालो तेव्हा सासुरवाडीच्या पडवीत, सासूबाईंच्या देखत, त्यांनी मलाही सोडलं नाही. सासूबाई लगबगीने गोठ्याकडे गेल्या. गोठ्यात गुरं नव्हती, जळाऊ लाकडं होती. तरी त्या बराच वेळ आल्या नाहीत.

काकांची सगळी नोकरी लोटे इथल्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करण्यात गेली. कंपनीच्या बसमध्ये खिडकी सोडून दाराजवळची जागा कोण धरतो, यावरून कुणाला लघवीचा त्रास सुरू झालाय हे त्यांना कळू लागलं. निवृत्त होऊन ते पालीजवळच्या गावी आले आणि परसातल्या वायवर्ण्याखाली त्यांचा दरबार भरू लागला. ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो, तोच हा वायवर्णा. त्याच्या सालीचा काढा, त्यात गोखरू आणि घेटुळीची मुळं, आणि वर चघळायला भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. काढा इतका कडू, की निम्मे लोक तो पुन्हा प्यावा लागू नये म्हणूनच बरं वाटतं म्हणत असावेत, असा माझा संशय आहे. पण काकांची अट एक. आधी रत्नागिरीला जाऊन सोनोग्राफी करायची, डॉक्टर काय म्हणतो ते ऐकायचं, मग काढा. ‘आत काय हाय ता बगल्याबिगर पाला द्यायला मी काय शेरडा राकतोय?’ असं ते विचारतात.

पालीच्या एका लग्नात नवऱ्यामुलाचे मामा मांडवाच्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसले होते. काका सरळ त्यांच्याकडे गेले आणि प्रश्न टाकला. मामा म्हणाले, परवाच लोहाराकडून लावून आणली, कोयता आता लोण्यासारखा चालतो.

‘ती न्हवं वो,’ काका म्हणाले. ‘तुमची.’

मामा खुर्चीवरून उठले. मग बायकोला नि मुलाला कधी सांगितलं नव्हतं ते त्यांनी मांडवामागे, आचाऱ्याच्या टोपांशेजारी उभं राहून काकांना सांगितलं. त्यांचं दुखणं काढ्याच्या पलीकडे गेलं होतं. काका त्यांना स्वतः इस्पितळात घेऊन गेले. आमच्याकडचा पुरुष मरण पत्करील, पण हे बोलणार नाही. काकांच्या निर्लज्जपणाने कितीतरी घरं वाचवली आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

गेल्या वर्षी मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला काका आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. एरवी ते सगळ्या मांडवभर फिरतात. थोड्या वेळाने उठून गेले, परत आले, पुन्हा उठले. जावयाने काकासासऱ्यांना असलं काही विचारायचं नसतं, पण मी शेजारी जाऊन बसलो.

‘काका, धार कशी आहे?’

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. ‘बरी नाय, जावईबापू,’ म्हणाले.

पंगत सोडून आम्ही थेट रत्नागिरी गाठली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मूत्रपिंडावर आलं असतं. ऑपरेशन झालं, नळी निघाली, आणि त्यांना घरी आणताना गाडीत मी रागावलोच. अख्ख्या जिल्ह्याला सोनोग्राफीला पाठवणारे तुम्ही, स्वतः काढा पीत गप्प कसे बसलात, असं विचारलं. काकांनी काच खाली केली.

‘मला कोनी इचारलाच नाय,’ ते म्हणाले.

आता दर रविवारी मी फोन करून विचारतो. शेजारी बसलेली माझी बायको हल्ली उठून जात नाही.