टिटवीचा कोपरा

अ‍ॅथल क्रूगर माझा शेजारी. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी म्हणजे काय विचारू नका! पुढच्या पिकासाठी पाऊस मुरावा म्हणून ऑस्ट्रेलियातल्या या डार्लिंग डाउन्सवर आम्ही सगळेच रान मोकळं सोडायचो. अ‍ॅथलच्या रानात मात्र चौदा-चौदा महिने नुसती काळी माती. तणाची एक काडी दिसली की गड्याला रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

बायको गेल्यावर घरात तो आणि लेक नोएलीन. "हे सूर्यफूल तू पेरायचंस. साधलं तर रान तुझं, नाहीतर विकून मोकळा होतो," त्यानं तिला बजावलं होतं. पोरीचा जीव त्या मातीत. त्याआधी रान मोकळं असताना एका कोपऱ्यात टिटवीनं अंडी घातली, म्हणून तिनं तिथं औत फिरवलं नाही. पिल्लं उडून गेली तरी गवत पेरणीपर्यंत तसंच. म्हातारा येता-जाता टोमणे मारायचा, "घाण ठेवलीस माझ्या रानात!"

सूर्यफूल उगवलं आणि वीतभर होऊन खुंटलं.

"पेरणीयंत्राची खताची पेटी बंद ठेवून पेरलंस ना? तुझ्याच्यानं नाही व्हायचं!" तो माझ्यादेखत तिच्यावर ओरडला. मला असा संताप आला, की चहा तसाच टाकून उठलो.

नोएलीननं आवाज चढवला नाही. "बाबा, कोपऱ्यात चला. तिथंही त्याच पेटीतलं खत घालून पेरलंय."

कोपऱ्यातलं पीक आमच्या छातीला लागत होतं.

तिनं दोन्हीकडची रोपं मुळांसकट शेतकी खात्यातल्या बाईंना नेऊन दाखवली. बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, "मुळांत एक बुरशी राहते. तिचे धागे लांबवरचं फॉस्फेट ओढून पिकाला देतात. पण तिला जिवंत मूळ लागतं. चौदा महिने तुम्ही तिला उपाशी मारलंत, क्रूगर. कोपऱ्यात गवतानं जगवली."

अ‍ॅथलनं टोपी काढली, परत घातली.

पुढच्या वर्षी त्याच्या कुंपणाशी गाडी थांबवली, तर रान मोकळं सोडायच्या दिवसांतही सगळीकडे हिरवी बाजरी! मी काय सोडतोय? "काय रे अ‍ॅथल, डोळे गेले का? रान किती घाण झालंय!"

"मला काय विचारतोस?" तो कुंपणाला रेलून म्हणाला. "मालकीणबाई ट्रॅक्टरवर आहेत, त्यांना विचार."