पेटीचं पोट

झाशीच्या नगरा भागातल्या खेळण्यांच्या कारखान्यात कमलिनीबाई सप्रे एकवीस वर्षं पेट्यांच्या कामावर होत्या. त्यातली शेवटची तीन त्यांनी दातओठ खाऊन काढली.

राग त्यांना नवा नव्हता. गुरसरायला माहेरी वडील भिक्षुकी करायचे आणि सोवळ्याला कुणाचा धक्का लागला की घर डोक्यावर घ्यायचे. तो स्वभाव बाईंनी लग्नात आंदण मिळाल्यासारखा सासरी आणला. नवरा रेल्वेच्या वर्कशॉपात कारकून होता, तो अकाली गेला. सांत्वनाला जमलेली मंडळी चौदाव्या दिवशीही हलेनात, तेव्हा बाईंनी त्यांच्या पिशव्या दारात नेऊन ठेवल्या. महिन्याभरात त्या कारखान्यात कामाला लागल्या.

तिथं कृत्रिम कापूस भरून अस्वलं आणि माकडं बनतात, आणि ती परदेशी जातात. अस्वलाला वजन नसतं, ते जागा खातं. म्हणून जहाजावर त्याचा हिशेब जागेवर होतो. पेटीची लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करायचा, येतील ते घनमीटर. कारखान्यात सगळे त्याला सीबीएम म्हणतात. सगळ्या पेट्यांची बेरीज सांगते, माल एका कंटेनरात मावणार की नाही.

पहिल्याच वर्षी बाईंची बेरीज चुकली होती. अस्वलं पेटीत गुडघ्यानं दाबून भरतात. रात्रभरात आतला कापूस पुन्हा फुलतो आणि सकाळी पेटी पोट सुटल्यासारखी दिसते. तेव्हापासून बाईंनी नियम केला. भरलेली पेटी एक रात्र तशीच ठेवायची, दुसऱ्या दिवशी कडेला नव्हे, पोटाला फीत लावायची, आणि कागदावर आकडा, वार, तारीख लिहायची. पुढच्या सतरा वर्षांत त्यांची एक पेटी मागे राहिली नाही.

सलील हा त्यांचा धाकटा दीर. त्याची ग्वाल्हेरची नोकरी सुटली तेव्हा मालकांकडे शब्द टाकला तो बाईंनीच. फीत धरायलाही त्यांनीच शिकवलं. सहा महिन्यांत या पठ्ठ्यानं मालकांना पटवून दिलं, की पेटीचं माप पेटीवर छापलेलंच असतं, ते कॉम्प्युटरात घातलं की सीबीएम एका मिनिटात निघतो, वहिनी उगाच प्रत्येक मालाचा एक दिवस खातात. एक दिवस वाचतोय म्हटल्यावर कुठला मालक नाही म्हणेल? पुढची तीन वर्षं माल छोटेच होते, कंटेनरात ऐसपैस जागा असायची, म्हणून त्याचं खपून गेलं. बाईंकडे राहिली फक्त चिठ्ठ्या चिकटवण्याची आणि कागदांवर सही करण्याची कामं. उंटावरचा शहाणा खुर्चीवर बसला.

दोघं राहत एकाच घरात, तो वर आणि या खाली. पूर्वी बाई त्याला भावजी म्हणायच्या. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द टाकला. सणाला पुरण वर पाठवायचं बंद झालं. जिन्यात गाठ पडली तर बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. आपण चुकतोय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. त्यांना त्याचा द्वेष वाटत होता आणि त्या तो मन लावून करत होत्या.

यंदा श्रावणात जर्मनीची मोठी ऑर्डर आली, नाताळच्या अस्वलांची. पाचशे पेट्या, एक कंटेनर. त्याच आठवड्यात मालकांनी दोघांना बोलावून सांगितलं, की या मालानंतर डिस्पॅचला एकच माणूस ठेवणार, कोण ते काम बघून ठरवू. बाईंना निवृत्तीपर्यंत अजून चार वर्षं काढायची होती. त्याहून जास्त, त्यांना आपलं काम परत हवं होतं.

गुरुवारी त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदा आपणहून सलीलशी तोंड उघडलं. अस्वलं मोठी आहेत, पेट्या फुगतील, एक रात्र थांबून मोजा, एवढंच म्हणाल्या. आजूबाजूला हमाल होते. सलीलनं स्क्रीनवरून नजर काढली नाही आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मॅडम, आपका फीतेवाला जमाना गया। सिस्टम ने निकाल दिया है, साढ़े सड़सठ।"

हमाल हसले. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी मनाशी ठरवलं, आता जीव गेला तरी बोलायचं नाही.

शनिवारी सकाळी सलील यायच्या आत त्यांनी दहा पेट्यांना फीत लावली. छापलेलं माप साठ, पंचेचाळीस, पन्नास सेंटीमीटर. पोटाचं माप त्रेसष्ट, अठ्ठेचाळीस, त्रेपन्न. पाचशे पेट्यांचे झाले ऐंशी घनमीटर. कंटेनर पाण्यानं काठोकाठ भरला तरी त्यात शहात्तरच्या वर मावत नाही. बाईंनी सवयीप्रमाणे आकडा लिहिला, खाली वार आणि तारीख घातली, आणि कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. त्या दिवशी त्यांना डबा चवदार लागला.

दुपारी सलीलनं साडेसदुसष्टचा कागद सहीला पुढं केला. डिस्पॅचची सही बाईंचीच लागायची. त्यांनी सही केली, नेहमीपेक्षा ठसठशीत. दुसऱ्याला अपशकुन करायला आपलं नाक कापणारी माणसं असतात. बाईंना मात्र आपण त्याचं नाक कापतोय असंच वाटत होतं.

सोमवारी कानपूरहून कंटेनर आला. दुपारपर्यंत चारशे तीस पेट्या चढल्या आणि कंटेनर दारापर्यंत भरला. सत्तर पेट्या अंगणात उरल्या. सलीलचा चेहरा उतरला. त्यानं पेट्या बाहेर काढून उलट्यासुलट्या लावून पाहिल्या, हमालांना लाथेनं दाबायला लावलं. दोन पेट्या फाटल्या आणि अस्वलं चिखलात पडली. बाई ओसरीवर खुर्ची टाकून बघत होत्या. इतकं सुख त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

मालक आले. उरलेला माल या जहाजाला जाणार नाही आणि अर्धवट ऑर्डर जर्मनीवाला घेणार नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी विचारलं, हिशेब कुणाचा? सलील म्हणाला, माझा. वहिनींनी गुरुवारी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही, हेही त्यानं खाली मान घालून सांगितलं.

बाईंना हे अपेक्षित नव्हतं. तो थापा मारेल आणि आपण त्याला उघडा पाडू, अशी त्यांची तयारी होती. तीन वर्षं साठवलेलं असं हातातून जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी पर्स उघडली, कागद काढला आणि मालकांच्या हातात दिला.

"ये देखिए साहब। मैंने नापा था। पूरे अस्सी।"

मालकांनी कागद वाचला. खालची तारीख वाचली. मग सलीलच्या हातातून सहीचा कागद घेऊन तोही वाचला.

"शनिवार को नापा था?"

"जी। सुबह।"

"और शनिवार को ही इस पर साइन किया?"

सलीलनं मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्याला राग आलेला नव्हता. तो नुसता बघत होता, आणि ते त्यांना सहन होईना.

"वहिनी," तो मराठीत म्हणाला, "काल दिवसभर मी वरच होतो. एक हाक मारली असतीत तर?"

मालकांनी दोन्ही कागद घडी करून खिशात घातले. आवाज न चढवता ते म्हणाले, "सलील को नापना नहीं आता, वो सीख लेगा। आपको तो आता था, कमलिनी जी।" आणि उद्यापासून येऊ नका, असं सांगून ते उरलेल्या पेट्यांकडे वळले.

बाई उभ्या राहिल्या. तीन वर्षांत या अंगणात कुणी, त्यांना माप येतं, असं मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आज हमालांसमोर म्हटलं, आणि घरी पाठवलं.